एड शीरनचा ‘प्ले’, लूप टूर आणि तुमची पत्रं

ब्रिटिश गायक एड शीरनचा ‘प्ले’ हा अल्बम १२ सप्टेंबर २०२५ ला आला आणि मागच्या अंकात आम्ही नुसतं एका ओळीत विचारलं होतं की बाबांनो कसा वाटला ते कळवा, तर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळे छापायचे तर अख्खा अंक लागेल. अर्धे लोक जाम खूश, अर्धे जाम नाराज, मधलं कोणी फारसं नाहीच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीयेत, आणि ज्यांची पत्रं राहिली त्यांनी राग मानू नका.

ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सहावीपासून शीरन ऐकतेय. त्याचा आधीचा ‘सबट्रॅक्ट’ अल्बम ऐकून मी अक्षरशः रडले होते आणि आता ‘प्ले’ लावला तर सुरुवातीपासून नुसता नाच. वर ‘सफायर’ गाण्यात पंजाबी काय, अरिजित काय, व्हिडिओत शाहरुख काय. माझा भाऊ म्हणतो हे सगळं इंडियाच्या मार्केटसाठी केलंय, व्ह्यूज पाहिजेत बाकी काही नाही. मला गाणं आवडलंय पण, आणि रागही येतोय. खरं काय समजायचं?
— एक विद्यार्थिनी, पुणे

अगं, दोन्ही एकदम वाटू शकतं की, त्यात काय. आधी ‘सबट्रॅक्ट’चं बोलू. तो मे २०२३ मध्ये आला आणि तो ज्या दिवसांत लिहिला गेला ते दिवस त्याच्यासाठी भयंकर होते, बायको प्रेग्नंट असताना तिला ट्यूमर असल्याचं कळलं, जवळचा मित्र जमाल एडवर्ड्स गेला, कॉपीराइटची कोर्टकचेरी चालू होती. ते दुःख खरं होतं म्हणून ते गाण्यात उतरलं आणि म्हणून तू रडलीस. पण त्या माणसाने कायम त्याच वर्षात राहावं असं आपण कसं म्हणणार? तो त्यातून बाहेर आलाय आणि त्याला नाचावंसं वाटतंय तर नाचू दे ना त्याला.

आता मार्केटचं. भाऊ पूर्ण चुकीचं बोलत नाहीये, भारतात गाणी ऐकणारे कोट्यवधी आहेत आणि हे कुठल्याही मोठ्या गायकाला माहिती असतंच. पण क्रम बघ जरा. या अल्बममधलं पहिलं बाहेर आलेलं गाणं ‘अझीझम’, एप्रिल २०२५ मध्ये, आणि ते इराणी वळणाचं आहे, कारण त्याचा प्रोड्युसर इल्या सलमानझादे स्वीडनचा पण मूळ इराणी घरातला, त्यानेच सुचवलं की माझ्या घरच्या संगीतातलं काहीतरी करून बघूया. त्यात डफ आणि संतूर आहे. पुढे त्याचं फारसी व्हर्जन आलं ते गायिका गूगूशबरोबर, म्हणजे इराणी लोकांसाठी किती मोठं नाव ते तुझ्या एखाद्या इराणी मैत्रिणीला विचार, पुण्यात मिळेल तुला. इराणचं कुठलं आलंय एवढं मोठं मार्केट? ते करता करता त्याच्या लक्षात आलं की इराणी, भारतीय आणि तो लहानपणापासून ऐकत आलेलं आयरिश लोकसंगीत, यांच्यात ताल आणि सुरांचं बरंच काही सारखं आहे, हे त्यानेच सांगितलंय. आणि मग २०२५ च्या सुरुवातीला तो आपल्याकडे आला, ३० जानेवारीला पुण्यातच सुरुवात केली, मग हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, शिलाँग, शेवट दिल्लीजवळ. तेव्हाच मुर्शिदाबाद जिल्ह्यात जियागंजला अरिजितच्या गावी गेला, दोघं स्कूटरवर फिरले ते व्हिडिओ तू पाहिलेच असशील. आणि अल्बमचं रेकॉर्डिंग पूर्ण केलं कुठे, तर आपल्या गोव्यात, इथले वादक सोबत घेऊन. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण नुसता आवाजाचा तुकडा लंडनला मागवून गाण्यात डकवणं वेगळं आणि माणसांसोबत एका खोलीत बसून वाजवणं वेगळं.

तरी माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करतेय. जून २०२५ ला जे ‘सफायर’ आलं त्यात अरिजित फार थोडा आहे, त्याचा आवाज ऐकू येतो आणि लगेच सरतो, आणि हे आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या फॅन्सनी बोलून दाखवलं. नंतर अरिजितला मोकळी जागा दिलेलं व्हर्जन वेगळं काढलं. ते ऐक, हेडफोन लावून ऐक, तो सूर घेतो तिथे गाणं एकदम रुंद होतं. माझं ठाम म्हणणं आहे की अल्बममध्ये तेच हवं होतं. ऑक्टोबरमध्ये चार गाण्यांची जी रीमिक्स ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आली त्यात करण औजला, हनुमानकाइंड, धी, जोनिता गांधी असे सगळे गायक-रॅपर आहेत, आणि मला विचारशील तर ‘प्ले’मधलं ‘सिमेट्री’ करणच्या आवाजासकट जास्त जिवंत वाटतं. म्हणजे जिथे जिथे शीरनने दुसऱ्याला पूर्ण जागा दिलीये तिथे तो स्वतः पण जास्त चांगला गायलाय. अल्बमच्या शेवटाकडची ‘द व्हाऊ’, ‘फॉर ऑल्वेज’ वगैरे गाणी छान आहेत, गोड आहेत, पण ती त्याला झोपेत पण जमतात. भावाला सांग, मार्केट मार्केट करण्याआधी ‘सफायर’ची ती दोन्ही व्हर्जन्स लागोपाठ ऐक आणि मग बोल.

नमस्कार ताई. मी सांगलीला तबला शिकतो, विशारदचं दुसरं वर्ष. शीरनच्या नव्या टूरचं नाव लूप टूर आहे आणि माझे मित्र म्हणतात स्टेजवर तो एकटा असतो तरी दहा जणांचा आवाज येतो म्हणजे अर्धं मशीनवर आधीच भरून आणलेलं असतं. मग त्याला लाइव्ह का म्हणायचं? आणि ते पायाखालचं मशीन नक्की करतं काय?
— एक तबलजी, सांगली

तुझ्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला कारण तुला हे पटकन कळणार आहे. आधीच भरून आणलेलं काही नसतं. स्टेजवर येतो तेव्हा ते मशीन रिकामं असतं आणि हे तो स्वतः लोकांना शोमध्ये सांगतो पण, की जे ऐकताय ते सगळं इथेच आत्ताच तयार होतंय.

होतं असं. पायाने एक बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. समज त्याने गिटारच्या लाकडावर तळहाताने धप्प धप्प असा ठेका धरला, चार किंवा आठ मात्रांचा, आणि बरोब्बर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परत पाय दाबला, की तेवढा तुकडा बंद होतो आणि स्वतःच फिरत राहतो. आता त्यावर तारा दाबून नुसता टिक टिक असा आवाज, परत पाय. मग कॉर्ड्स. मग तोंडाने एक सूर, त्यावर दुसरा सूर, तिसरा. दोन मिनिटांत एकट्याचा वृंद होतो. वेगवेगळे थर वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवता येतात म्हणून कडव्याच्या वेळी तो गिटार काढून टाकतो, फक्त ठेका ठेवतो, आणि धृवपद आलं की सगळं एकदम सोडतो, तेव्हा मैदानात अंगावर काटा येतो. ‘ब्लडस्ट्रीम’ लाइव्ह ऐक, एकेक थर चढत जातो आणि शेवटी एवढा गजर होतो की एकच माणूस उभा आहे यावर विश्वास बसत नाही.

तुझ्या भाषेत सांगायचं तर हा लेहरा आहे. तू सोलो वाजवतोस तेव्हा हार्मोनियमवाला तोच नगमा आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवतो आणि तू त्यावर पेशकार, कायदे मांडतोस, बरोबर? इथे लेहरा धरणारा पण तोच आणि वर मांडणारा पण तोच. आणि यातली खरी गोची तुला लगेच समजेल, तुझा हार्मोनियमवाला थोडा मागे पुढे झाला तर तू त्याच्याकडे बघतोस आणि तो सावरून घेतो, मशीन सावरून घेत नाही. पहिला ठेका धरताना पाय समेच्या केसभर जरी अलीकडे पडला तरी ती चूक पुढची पाच मिनिटं प्रत्येक आवर्तनाला ऐकू येत राहणार, त्याच्यावरचे सगळे थर वाकडे बसणार. हजारो लोकांसमोर हे धरायचं म्हणजे लय पोटात पाहिजे. तो हे शाळकरी वयानंतर लगेच, छोट्या छोट्या पबमध्ये वाजवत होता तेव्हापासून करतोय, तिथे वादक ठेवायला पैसे नव्हते, आणि रोजच्या रोज वाजवून ते अंगात मुरलं.

मित्रांना हे करून दाखवायचं असेल तर फोनवर लूपरची फुकट अ‍ॅप्स मिळतात. त्रिताल लाव, एक आवर्तन ‘धा’वर सुरू करून पुढच्या ‘धा’वर बंद कर, आणि ऐक फिरवून. पहिल्या फटक्यात साफ बसलं तर मला कळव. आणि गुरुजींना पण दाखव, त्यांना नक्की आवडेल.

ताई, मी ६१ वर्षांचा आहे. नातीने ‘ओल्ड फोन’ हे गाणं लावून त्याचा अर्थ सांगितला. ते खरं घडलंय का? विचारण्याचं कारण, आमच्या हिचा फोन चार वर्षं कपाटात आहे. ती गेल्यापासून चालू केलेला नाही. करावा का?
— एक वाचक, वर्धा

काका, गोष्ट खरी आहे. शीरनने २०१५ मध्ये मोबाइल वापरणं बंद केलं, आजही तो फोन बाळगत नाही, कामाचं सगळं ईमेलवर. पुढे कॉपीराइटच्या केसमध्ये जुनी उपकरणं वकिलांकडे द्यायची होती म्हणून तो जुना फोन बाहेर निघाला आणि चालू केला तर आत दहा वर्षांपूर्वीचं आयुष्य जसंच्या तसं. आता या जगात नसलेल्या मित्रांचे मेसेज, तुटलेल्या नात्यातली बोलणी, घरातल्या अशा माणसाचे निरोप ज्याच्याशी आता बोलणं होत नाही. ते गाणं मे २०२५ मध्ये आलं. गाणं तसं साधं आहे, फार वाद्यं नाहीत, आणि त्या अल्बममध्ये मला ते सगळ्यात जास्त भिडलं.

गाण्यातल्या माणसाला वाटतं की हे सगळं मागेच राहिलेलं बरं होतं. पण त्याच्या फोनमध्ये भांडणं पण होती. तुमचं तसं असेलच असं नाही. मला विचाराल तर करा चालू, पण एकटे असताना नको, नातीला किंवा मुलाला जवळ बसवून करा. आणि एक काम आधी करा. चार वर्षं पडलेल्या फोनची बॅटरी कधी कधी फुगते, मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन वर आलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका, सरळ ओळखीच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे न्या आणि त्याला स्पष्ट सांगा की रीसेट करायचं नाही, आतलं सगळं हवंय. बॅटरी बदलून मिळते. चालू झाला की पहिल्यांदा फोटो आणि व्हॉइस मेसेज दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग वाचायचं काय आणि कधी ते तुमच्या मनाप्रमाणे, आज नाही वाटलं तर पुढच्या वर्षी. काकूंचा आवाज असेल त्यात. तो जपून ठेवा. पासवर्ड आठवत नसेल तर उगाच दहा वेळा चुकीचा टाकू नका, काही फोन त्याने कायमचे लॉक होतात.

पंजाबी झालं, फारसी झालं, चेन्नईत रहमानबरोबर, बेंगळुरूत शिल्पा रावबरोबर तेलुगू झालं. सुरुवात पुण्यात आणि मराठीत काहीच नाही? आपण काय घोडं मारलंय?
— तीन वाचक एकत्र, नाशिक, ठाणे आणि बेळगाव

तुमचा राग मला मान्य आहे. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला तो दिलजीतबरोबर पंजाबीत गायला, तेव्हापासून मी हीच वाट बघतेय. पण एक बघा, प्रत्येक वेळी त्या भाषेतला एक दमदार गायक किंवा संगीतकार त्याच्या शेजारी उभा होता. कोणीतरी त्याला हात धरून त्या भाषेत नेलं. आपल्याकडे माणसं नाहीत असं कोण म्हणेल, अजय-अतुल आहेत, आणि आपल्या ढोलकीचा एक तुकडा त्याच्या लूपमध्ये फिरायला लागला तर काय होईल याचा नुसता विचार करा. आपल्या कलाकारांनी पण पुढे होऊन हाक मारायला पाहिजे आणि आपण ऐकणाऱ्यांनी मराठी स्वतंत्र गाण्यांना तेवढंच डोक्यावर घेतलं पाहिजे, सिनेमाच्या बाहेरची. तुम्ही तिघांनी गेल्या वर्षभरात सिनेमाबाहेरचं कुठलं नवीन मराठी गाणं ऐकलंत आणि आवडलं ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापते.

माझी मुलगी अकरावीला आहे, कोल्हापूर. खाऊचे पैसे साठवून तिकिटासाठी ठेवतेय. आता म्हणते कोणीतरी इन्स्टावर लूप टूरच्या मुंबई शोचं प्री-बुकिंग करून देतोय, अर्धे पैसे आत्ता द्यायचे. मला यातलं काही कळत नाही. तिला नाही म्हटलं तर रडते. पाठवावं का? आणि एवढं काय असतं त्या कार्यक्रमात?
— एक आई

वहिनी, पहिली गोष्ट, त्या माणसाला एक रुपया देऊ नका. लूप टूरच्या जाहीर झालेल्या पहिल्या तारखा जानेवारी ते मार्च २०२६ न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या आहेत, मग जूनपासून अमेरिका. त्या यादीत मुंबई नाही आणि जो शो जाहीरच नाही त्याचं प्री-बुकिंग कसलं. हे मुलीला ओरडून सांगू नका, तिच्याबरोबर बसून तारखांची यादी उघडून दाखवा, ती हुशार आहे, तिला कळेल.

उद्या खरोखर भारतातला शो जाहीर झाला तर तो गायकाच्या स्वतःच्या पानावर आधी दिसणार आणि तिकीट तिथे दिलेल्या अ‍ॅपवरूनच घ्यायचं. स्क्रीनशॉटवरचं तिकीट कधीच नाही, एकच क्यूआर कोड दहा जणांना विकतात आणि गेटवर जो पहिला पोचतो तो आत जातो, बाकीचे नऊ रडत बाहेर. शीरन स्वतः या काळ्या बाजाराच्या पक्का विरोधात आहे, २०१८ च्या ब्रिटनमधल्या शोजची चढ्या भावात विकली गेलेली दहा हजारांहून जास्त तिकिटं त्याच्या लोकांनी सरळ रद्द केली होती आणि लोकांना मूळ किमतीत नवीन घ्यायला लावली होती.

आता एवढं काय असतं. पुण्यात बिबवेवाडीला यश लॉन्सवर मी होते. गुरुवार होता, ऑफिस सुटून लोक तसेच आलेले, बॅगा पाठीला. माझ्या पुढे एक वडील आणि त्यांची साधारण तुमच्या लेकीएवढी मुलगी, वडिलांना एकही गाणं येत नव्हतं, ते आपले पाण्याची बाटली आणि तिचं जॅकेट धरून उभे. शीरन लोकांना दोन गटांत वाटतो आणि प्रत्येक गटाला एकेक सूर देतो, तसा एक सूर त्या वडिलांना मिळाला आणि त्यांनी जो मोकळा आवाज लावला की मुलगी गाणं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. हे असतं. घरात बारा वर्षं एकत्र राहून पण जे होत नाही ते तिथे कधी कधी होतं.

म्हणून माझं उत्तर, पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. पण तयारीने. उभ्याचं तिकीट असेल तर चार पाच तास उभं राहावं लागतं, पायात जुने सवयीचे बूट पाहिजेत, पोटात काहीतरी खाऊन जा, आणि शो सुटल्यावर रिक्षा मिळणार नाही हे गृहीत धरूनच चला, कोल्हापूरची रात्रीची गाडी त्यावर अवलंबून ठेवू नका, पुण्या-मुंबईत नातेवाईकांकडे मुक्काम ठरवा. आणि साठवलेले पैसे तिच्याचकडे राहू द्या. तिने ते स्वतःच्या आवडीसाठी साठवलेत, ही चांगली सवय आहे.

ताई, फॅन ग्रुपवर रोज भांडणं. ‘डिव्हाइड’च बेस्ट म्हणणारे एकीकडे, ‘प्ले’वाले एकीकडे. पुढचे अल्बम पण असेच येणार का?
— एक फॅन, छत्रपती संभाजीनगर

गणिताच्या चिन्हांच्या नावांच्या अल्बमची मालिका संपली, प्लस २०११ पासून सबट्रॅक्ट २०२३ पर्यंत, आणि त्या गणिताच्या नावाची टूर पण सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीत संपवली. आता टेपच्या बटणांची नावं, प्लेनंतर पॉज, रिवाइंड, फास्ट फॉरवर्ड, स्टॉप असं त्यानेच सांगितलंय, आणि ‘इजेक्ट’ नावाचा एक त्याच्या मृत्यूनंतर यावा अशी तजवीज केलीये म्हणे मृत्युपत्रात. म्हणजे तुझ्या लाडक्या शांत गाण्यांचा अल्बम अजून यायचाय, पॉज नावाचा अल्बम नाचाचा कशाला असेल? तोवर भांडा, पण गाणं पूर्ण ऐकून भांडा. पंधरा सेकंदांच्या रीलवरून अल्बम वाईट ठरवणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आम्ही सिडनीत असतो. फेब्रुवारीतल्या शोची तीन तिकिटं काढलीत, तिसरं सासूबाईंचं, त्या साताऱ्याहून येतायत, वय ६८. त्यांना फक्त ‘परफेक्ट’ माहितीये, आमच्या लग्नाच्या व्हिडिओला होतं म्हणून. झेपेल का त्यांना?
— एक सून, सिडनी

झेपेल, आणि तुमचं कौतुक वाटलं. तिकिटं बसायच्या जागेची असतील तर काही प्रश्नच नाही, उभ्याची असतील तर आत्ताच बदलता येतात का बघा. फेब्रुवारी म्हणजे तुमच्याकडे कडक उन्हाळा, अंधार उशिरा पडतो, तेव्हा टोपी, पाणी, आणि कानात घालायला फोमचे बोळे, फार्मसीत मिळतात, आवाज कमी होतो पण गाणं नीट ऐकू येतं. गाडी नेऊ नका, ऑलिंपिक पार्कपर्यंत ट्रेन जाते. शेवटच्या गाण्याला घाईने उठू नका, गर्दी ओसरेपर्यंत अर्धा तास जागेवरच बसा. आणि आधी महिनाभर घरात ‘प्ले’ लावून ठेवा, स्वयंपाक करताना कानावर पडू दे, ‘सफायर’चा ठेका त्यांना नक्की ओळखीचा वाटेल.